एकाच संगीतप्रकारात मुरावं की प्रकार बदलत राहावं?

षड्ज: चार प्रकारांत काम करणारा संगीतकार दिसला की लगेच 'एक ना धड, भाराभर चिंध्या' म्हणून लोक मोकळे होतात. मला हा सरळसरळ अन्याय वाटतो. इटलीचा संगीतकार एन्यो मोरिकोने रोमच्या सांता चेचिलिया संगीतशाळेत ट्रम्पेट आणि रचनाशास्त्र शिकला. पोटासाठी पॉप गाण्यांचं संयोजन केलं, चारशेहून जास्त चित्रपट-मालिकांना संगीत दिलं आणि मैफिलीसाठीचं गंभीर लेखनही सोडलं नाही. दोन-चार सुरांत ऐकणाऱ्याला धरून ठेवण्याची त्याची हातोटी पॉपच्या त्या कामातूनच आली, असं माझं ठाम मत आहे.

लयवेडा: अजिबात पटलं नाही. पोलंडचा संगीतकार शोपँ घ्या, त्याची जवळपास प्रत्येक रचना पियानोसाठी आहे. एकही सिंफनी नाही, एकही ऑपेरा नाही. ३९व्या वर्षी गेला, तरी पियानोवाल्यांचं त्याच्यावाचून पान हलत नाही. आणि बिस्मिल्ला खाँसाहेब? सनईला चाव्या नसतात. छिद्र अर्धं झाकायचं, फुंकीचा दाब तोलायचा, तेव्हा कुठे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणारी मींड निघते. यातच जन्म जातो. इकडेतिकडे हिंडायला वेळ कुठून आणणार?

षड्ज: खाँसाहेबांनी १९५९ च्या 'गूंज उठी शहनाई' चित्रपटासाठी वाजवलंच की!

लयवेडा: वाजवली ती सनईच ना? चित्रपटात गेले म्हणून त्यांचा बाज बदलला नाही.

खर्ज: अर्जेंटिनाचा संगीतकार आस्तोर पियाझोला, त्याला विसरलात दोघंही. १९५४ मध्ये तो पॅरिसला संगीतशिक्षिका नादिया बुलांजेकडे शिकायला गेला, तो सिंफनीच्या वह्या घेऊन. आपण टँगो, म्हणजे तिकडचं नाचाचं संगीत, वाजवतो हे सांगायची लाज वाटत होती. बाईंनी खोदून विचारलं, टँगो वाजवायला लावला आणि खरा पियाझोला इथे आहे, हे त्याला दाखवून दिलं. त्याचं वाद्य बँडोनिऑन, अकॉर्डियनसारखं भात्याचं. त्यात एकच बटण भाता उघडताना एक सूर देतं आणि मिटताना दुसरा. अशा हट्टी वाद्यावर त्याने पुढे टँगोत फ्यूग (एकच धून एकामागून एक आवाजांत गुंफायची पाश्चात्त्य शास्त्रीय रीत) आणला, जॅझ आणला. जुने टँगोवाले खवळले, पण तो मागे हटला नाही. त्याने प्रकार सोडला नाही, प्रकारच रुंद केला. हा तिसरा रस्ता तुम्ही धरतच नाही.

ठेका: सगळे कलेवर बोलताहेत, भाड्याचं कोण बोलणार? अमेरिकन संगीतकार फिलिप ग्लासचा ऑपेरा १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरागृहात झाला, आणि त्यानंतरही तो टॅक्सी चालवत होता. प्रकार बदलणं अनेकांसाठी हौस नसते, चूल पेटवायची असते. त्यांना नावं ठेवण्याआधी हे बघा.

लयवेडा: पोटासाठी बदलणाऱ्याला मी नावं ठेवत नाही. माझा राग आहे तो पाया पक्का व्हायच्या आधी उड्या मारायच्या सल्ल्यावर. जॅझचा ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने १९७० च्या 'बिचेस ब्रू' अल्बममध्ये विजेची वाद्यं आणि रॉकचा ठेका घेतला, तो पेलला. पण त्याआधी पंचवीस वर्षं तो जॅझ वाजवत होता, सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करच्या शेजारी उभं राहून शिकला होता.

षड्ज: पंचवीस वर्षं थांब, असं त्याला कुणी सांगितलं असतं तर त्याने ऐकलं असतं का? १९४९-५० मध्येच, विशी-पंचविशीत, तो नऊ जणांचा ताफा घेऊन बीबॉपपासून, म्हणजे पार्करच्या वेगवान जॅझपासून, दूर निघाला होता. पाया आणि उडी एकाच वेळी चालू होती.