एफओबी निर्यातीतील लोकल चार्जेस : ग्राहकाने नेमलेल्या फॉरवर्डरचे बिल कितपत मान्य करावे?

भोसरी_मशीनशॉप यांचा प्रश्न

नमस्कार. भोसरी एमआयडीसीत आमचे ओतीव भागांचे मशीनिंग करण्याचे लहान युनिट आहे. आजवर आमचा माल पुण्यातील मोठ्या कंपन्यांमार्फतच देशाबाहेर जात असे. आता जर्मनीतील एका ग्राहकाला आम्ही 'एफओबी न्हावा शेवा' (म्हणजे माल न्हावा शेवा बंदरात जहाजावर चढेपर्यंतचा खर्च आमचा) या अटीवर थेट माल पाठवू लागलो आहोत. फॉरवर्डर, म्हणजे मालवाहतुकीची व्यवस्था करणारा मध्यस्थ, ग्राहकाने नेमलेला आहे. समुद्रमार्गाचे भाडे ग्राहक आणि फॉरवर्डर परस्पर ठरवतात, आमच्या वाट्याला फक्त लोकल चार्जेस, म्हणजे बंदराकडची स्थानिक शुल्के, येतात.

ताजे बिल एका वीस फुटी कंटेनरचे आहे. त्यात टीएचसी (टर्मिनलमधील हाताळणीचे शुल्क) 11,400 रुपये, बीएल (बिल ऑफ लेडिंग, जहाज कंपनीची मालपावती) फी 5,500, सील 900, व्हीजीएम (कंटेनरचे पडताळलेले वजन) 1,000, हँडलिंग 3,500 आणि ॲडमिन 2,500 अशा ओळी आहेत. बेरीज 24,800 रुपये होते आणि त्यावर 18 टक्के जीएसटी धरून आम्हाला 29,264 रुपये भरावे लागले. कारखान्यापासून टर्मिनलच्या फाटकापर्यंतचे ट्रेलर भाडे आणि आमच्या सीएचएचे (कस्टम्सचे काम पाहणाऱ्या एजंटचे) शुल्क यात नाही. ते आम्ही वेगळे देतो.

हँडलिंग म्हणजे नेमके काय हाताळले, असे विचारले असता 'हा आमचा स्टँडर्ड टॅरिफ आहे' एवढेच उत्तर मिळाले. पैसे जमा झाल्याशिवाय बीएल हातात देत नाहीत, त्यामुळे वाद घालायला जागाच उरत नाही. या शुल्कांचा कोणी सरकारी दर ठरवून दिलेला आहे काय, यांपैकी कोणत्या ओळी रास्त मानाव्यात, आणि पुढील ऑर्डरच्या आधी ग्राहकाशी कोणत्या मुद्द्यावर बोलावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

चाकण_एक्स्पोर्ट_डेस्क

सरकारी दर आहे काय, हा आपला पहिला प्रश्न बहुतेक नवे निर्यातदार विचारतात, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. बंदरातील सेवांचे दर आणि जहाज कंपनी आपल्याकडून घेते ती टीएचसी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 1997 पासून प्रमुख बंदरांचे दर 'टॅम्प' हे प्राधिकरण ठरवत असे. 2021 च्या प्रमुख बंदर प्राधिकरण कायद्यानंतर तो अधिकार बंदरांच्या मंडळांकडे गेला. परंतु हे दर टर्मिनल आणि त्याचे वापरकर्ते यांच्यातले असतात. टर्मिनल आपल्या हाताळणीचे पैसे जहाज कंपनीकडून घेते आणि जहाज कंपनी स्वतःच्या दरपत्रकाप्रमाणे टीएचसी आपल्याकडून वसूल करते. तेव्हा बंदराचे दरपत्रक दाखवून टीएचसी कमी करून घेण्याचा प्रयत्न सहसा फळाला येत नाही.

तरीही एक मोजमाप आपल्या हातात आहे. मोठ्या जहाज कंपन्या भारतातील आपले लोकल चार्जेस स्वतःच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करतात. त्यात बंदर, कंटेनरचा आकार आणि प्रकार यांनुसार टीएचसी, डॉक्युमेंटेशन फी, सील चार्ज, दुरुस्तीची फी हे सारे लिहिलेले असते. आपला कंटेनर कोणत्या लाइनचा, म्हणजे जहाज कंपनीचा, होता हे बुकिंगच्या कागदावर कळते. त्या लाइनचे पान उघडून आपल्या बिलाशी ओळीला ओळ लावून पाहा. ज्या ओळी तिथे आहेत त्यांच्याबाबतीत प्रश्न फक्त रकमेचा राहतो. ज्या तिथे नाहीत, त्या फॉरवर्डरच्या स्वतःच्या आहेत. आपल्या बिलातील हँडलिंग आणि ॲडमिन या ओळी बहुधा या दुसऱ्या गटात निघतील, आणि व्हीजीएमचीही तीच शक्यता आहे.

आता मुख्य मुद्दा. आपली खरी अडचण दरात नसून नेमणुकीत आहे. ग्राहक फॉरवर्डर नेमतो तेव्हा तो भाड्याचा दर पाहतो, आपल्याकडचे लोकल चार्जेस पाहत नाही, कारण ते त्याच्या खिशातून जात नाहीत. फॉरवर्डरला हे पक्के ठाऊक असते. त्यामुळे ग्राहकाला भाडे अगदी कमी, कधी पडेल त्या दरात दाखवायचे आणि तूट निर्यातदाराकडून भरून काढायची, ही या धंद्यातली जुनी चाल आहे. मांडववाला वरपक्षाने ठरवावा आणि त्याचे बिल वधूपक्षाच्या हातात पडावे, तसा हा प्रकार आहे. ज्याने दर ठरवला त्याला बिल दिसत नाही आणि ज्याला बिल दिसते त्याला दर ठरवता येत नाही.

म्हणून वाद बिल आल्यावर घालू नका, बुकिंगच्या आधी घाला. ग्राहकाची नामनिर्देशनाची मेल येताच फॉरवर्डरला लिहून कळवावे, की लोकल चार्जेसचे ओळवार दरपत्रक मिळाल्याशिवाय आणि ते आम्ही मान्य केल्याशिवाय रिकामा कंटेनर उचलला जाणार नाही. ही मेल ग्राहकाच्या खरेदी विभागालाही पाठवावी. त्या वेळी फॉरवर्डरला बुकिंग हातचे जाऊ द्यायचे नसते, त्यामुळे तो बोलतो. माल जहाजावर चढल्यावर त्याला बोलण्याची गरज राहत नाही. एवढ्या एका मेलवर ॲडमिनसारखी ओळ गळून पडल्याचे आमच्याकडे अनेकदा झाले आहे.

शेवा_डॉक्स

वरील उत्तराशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे. मात्र फॉरवर्डरची प्रत्येक ओळ पोकळ असते असे मानणे योग्य नाही. मी उरण भागात कस्टम्स ब्रोकरच्या कार्यालयात काम पाहतो, त्यामुळे या ओळींच्या मागे कोणते काम असते आणि कोणते नसते, ते थोडक्यात मांडतो.

व्हीजीएमचे उदाहरण घ्या. 1 जुलै 2016 पासून सोलास या सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारातील दुरुस्तीनुसार भरलेल्या कंटेनरचे पडताळलेले वजन कळवणे ही शिपरची, म्हणजे आपली, जबाबदारी आहे. त्यासाठी भरलेला कंटेनर थेट काट्यावर चढवता येतो किंवा मालाचे, पॅकिंगचे आणि कंटेनरवर छापलेले रिकामे वजन यांची बेरीज करता येते. भोसरी आणि चाकण परिसरात वजनकाट्यांची वाण नाही. काट्याची पावती आपण काढून दिलेली असेल आणि फॉरवर्डरने ती केवळ पोर्टलवर चढवली असेल, तर त्या कामाला हजार रुपये लावणे जास्त आहे. अनेक ठिकाणी हे काम शिपर स्वतः किंवा त्याचा सीएचए करतो. तसे कळवून टाका, म्हणजे ती ओळ निघते.

सीलचेही पाहा. आपण कारखान्यातच स्वतः सील लावून कंटेनर पाठवत असाल, तर 2017 पासून लागू असलेले आरएफआयडी ई-सील (रेडिओ लहरींनी वाचता येणारे सील) आपणच विकत घेता. त्याचा फॉरवर्डरशी संबंध नाही. बिलातले सील म्हणजे रिकाम्या कंटेनरबरोबर येणारे लाइनचे बॉटल सील. ते लाइनच्या दरपत्रकात असते, तेव्हा तिथली रक्कम पाहून आपल्या 900 रुपयांशी ताडून घ्या.

हँडलिंगबाबत मात्र फॉरवर्डरला विचारण्यासारखे काही आहे. कागद वेळेवर न आल्याने शिपिंग इन्स्ट्रक्शनची (बीएलसाठी लाइनला द्यायच्या तपशिलाची) मुदत हुकली, किंवा ट्रेलर कट-ऑफनंतर (कंटेनर आत घेण्याच्या शेवटच्या वेळेनंतर) पोहोचला आणि लाइनकडून लेट गेट-इनची परवानगी काढावी लागली, तर मागे खरोखर माणसे धावतात. लाइन त्याची वेगळी फी लावते आणि तिची पावती देते. अशी पावती असेल तर ती रक्कम द्यावी. सर्व काही वेळेत झालेले असताना प्रत्येक कंटेनरला ठरलेले हँडलिंग लागत असेल, तर ती फॉरवर्डरची नफ्याची ओळ आहे आणि तिच्यावर घासाघीस करायला हरकत नाही.

आपल्या बिलात सध्या नसलेली, पण कधीतरी हमखास येणारी एक गोष्ट सांगून ठेवतो. रिकामा कंटेनर यार्डातून उचलल्यापासून भरलेला आत जाईपर्यंत लाइन ठराविक दिवस मोफत देते. त्यापुढे डिटेन्शन, म्हणजे कंटेनर जास्त दिवस ठेवल्याचे शुल्क, सुरू होते. जहाज लाइननेच पुढे ढकलले, म्हणजे कंटेनर रोल झाला, तर त्या काळाचे डिटेन्शन किंवा टर्मिनलचे ग्राउंड रेंट (जागाभाडे) शिपरवर पडू नये, असे बुकिंगच्या वेळीच लिहून घ्यावे. पावसाळ्यात जहाजांचे वेळापत्रक कोलमडते आणि घाटात वाहतूक अडकते तेव्हा हे कलम उपयोगी पडते. ट्रेलर घाटात अडकून कट-ऑफ हुकला, तर मात्र तो खर्च आपलाच.

करकोपरा_कोथरूड

जीएसटीविषयी दोन शब्द. आपण भरलेले 4,464 रुपये हा अंतिम खर्च नाही, पण ते पैसे अडकून पडतात आणि लहान उद्योगाला तेही जाणवते. निर्यात एलयूटीवर (कर न भरता निर्यात करण्याच्या हमीपत्रावर) करत असाल, तर न वापरलेले इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) आरएफडी-01 अर्जाने परत मागता येते. लोकल चार्जेस या इनपुट सेवा असल्यामुळे नियम 89 मधील सूत्रात त्यांचा कर धरला जातो, आणि दाव्याच्या 90 टक्के रक्कम तात्पुरत्या स्वरूपात आधी मिळण्याची तरतूद आहे. आयजीएसटी (एकात्मिक जीएसटी) भरून निर्यात करत असाल, तर हेच क्रेडिट तो कर भरण्यास वापरता येते आणि शिपिंग बिल (कस्टम्सकडे दिलेले निर्यातीचे विवरण) हाच परताव्याचा अर्ज मानला जातो.

अडचण होते ती बिलावरील नावाची. निर्देशित फॉरवर्डर कधीकधी जर्मन ग्राहकाच्या नावाने, कधी सीएचएच्या नावाने, तर कधी आपल्या चुकीच्या जीएसटीआयएनवर (जीएसटी नोंदणी क्रमांकावर) बिल काढतो, आणि मग ते आपल्या जीएसटीआर-2बी (मिळणाऱ्या क्रेडिटचे विवरणपत्र) मध्ये दिसत नाही. बुकिंगच्या वेळीच आपला क्रमांक लेखी कळवा आणि पैसे भरण्याआधी बिलाचा मसुदा मागवून घ्या.

फॉरवर्डर 'आम्ही लाइनला भरलेलेच पैसे मागतो आहोत' असे म्हणत असेल, तर त्याला नियम 33 मधील 'प्युअर एजंट'ची आठवण करून द्यावी. या नियमाचा आधार घ्यायचा, तर त्याने आपल्या वतीने भरलेली रक्कम बिलात वेगळी दाखवावी लागते आणि प्रत्यक्ष भरल्यापेक्षा जास्त घेता येत नाही. म्हणजेच लाइनची मूळ बिले त्याने जोडायला हवीत. ती जोडायला तो तयार नसेल, तर टीएचसीच्या ओळीतही त्याने स्वतःचे काही मिळवले आहे, असे समजायला जागा आहे.

भोसरी_मशीनशॉप

सर्वांचे मनःपूर्वक आभार. लाइनच्या संकेतस्थळावरील दरपत्रक पाहिले. टीएचसी आणि बीएल फी या ओळी तिथे आहेत, मात्र आमच्या बिलातील दोन्ही रकमा तिथल्यापेक्षा जास्त आहेत. हँडलिंग आणि ॲडमिन या ओळी तिथे मुळीच नाहीत.

दोन शंका उरतात. एक म्हणजे ग्राहक एलसी (बँकेचे पतपत्र) उघडतो, आणि त्यात शिपमेंटनंतर 21 दिवसांच्या आत कागदपत्रे बँकेत सादर करायची असतात. फॉरवर्डरने बीएल अडवून धरले तर आमचेच पैसे अडकतात. दुसरी अशी, की एफओबीऐवजी एफसीए (माल ठरलेल्या ठिकाणी वाहतूकदाराच्या स्वाधीन करणे) ही अट घ्यावी, असा सल्ला आम्हाला एका परिचिताने दिला. त्याने हा प्रश्न सुटेल काय?

चाकण_एक्स्पोर्ट_डेस्क

21 दिवसांची मर्यादा ही यूसीपी 600 या एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतील सर्वसाधारण मर्यादा आहे. आपला एलसी वेगळे सांगत असेल तर ते लागू होते, आणि मालाच्या प्रकारानुसार ग्राहकाकडून वाढीव मुदत मागूनही घेता येते. फॉरवर्डरला ही तारीख आपल्याइतकीच नीट माहीत असते. म्हणूनच दराची बोलणी जहाज सुटण्याआधी संपवायची असतात. एखाद्या वेळी मुदत जवळ आली आणि वादग्रस्त ओळ तशीच राहिली, तर रक्कम भरावी, 'आक्षेपासह' असे मेलमध्ये नोंदवावे, बीएल सोडवून घ्यावे आणि ती रक्कम पुढील शिपमेंटच्या बोलणीत मांडावी. बँकेकडून येणारे सगळे पैसे काही हजारांसाठी रोखून धरणे कोणालाच परवडत नाही.

एफसीएचा सल्ला योग्य आहे. इन्कोटर्म्स (एफओबी, एफसीए अशा व्यापारी अटींचे नियम) तयार करणारे आंतरराष्ट्रीय वाणिज्य चेंबरही कंटेनरमधील मालासाठी एफओबी टाळून एफसीए वापरावे, असेच सुचवते, कारण एफओबीत जोखीम माल जहाजावर चढल्यावर हस्तांतरित होते, तर आपला ताबा टर्मिनलच्या फाटकावरच सुटतो. 'एफसीए न्हावा शेवा, अमुक टर्मिनल' अशी अट असेल, तर कंटेनर तिथे पोहोचवणे आणि निर्यातीचे कस्टम्स पूर्ण करणे एवढे आपले काम. टर्मिनलमधील हाताळणी त्यानंतर होते, म्हणून टीएचसी ग्राहकाच्या बाजूला जायला हवी.

प्रत्यक्षात मात्र अट बदलल्याने बिल आपोआप बदलत नाही. फॉरवर्डरला कोणी काही सांगितले नाही, तर तो नेहमीप्रमाणे टीएचसी शिपरच्याच नावावर टाकतो. त्यासाठी 'ओरिजिन टीएचसी ग्राहकाच्या खाती' ही सूचना बुकिंगमध्ये जायला हवी, आणि ती ग्राहकाने स्वतः फॉरवर्डरला द्यायला हवी. एलसी असल्यामुळे ऑन-बोर्ड (माल जहाजावर चढल्याची) नोंद असलेले बीएल आपल्याला लागेल. इन्कोटर्म्स 2020 मधील एफसीएत तशी सोय केलेली आहे, पण दोघांनी मान्य केली तरच ती लागू होते, म्हणून करारात तेही वाक्य घ्या.

ग्राहक एफसीएला तयार नसेल, तर किमतीचा मार्ग उरतो. जुन्याच फॉरवर्डरसह एफओबी हवे असेल तर एक दर, आणि आम्ही निवडलेल्या फॉरवर्डरसह सीएफआर हॅम्बुर्ग (हॅम्बुर्गपर्यंतचे समुद्रभाडे आमच्या दरात) असेल तर दुसरा दर, असे दोन दर शेजारी शेजारी द्या. एफओबीच्या दराखाली एक ओळ टाका : 'न्हावा शेवा येथील लोकल चार्जेस लाइनच्या प्रसिद्ध दरपत्रकाच्या मर्यादेत धरले आहेत; त्यापेक्षा अधिक रक्कम ग्राहकाच्या खाती.' सीएफआरमध्ये भाडे डॉलरमध्ये असेल आणि लाइन रुपयांत बिल करताना स्वतःचा विनिमय दर लावेल, जो सहसा बँकेच्या दरापेक्षा चढा असतो. तो फरक दरात आधीच धरा.

शेवा_डॉक्स

एक पुरवणी. आपली मासिक आवक-जावक वाढली, तर तळेगावच्या आयसीडीत (बंदरापासून दूरच्या कंटेनर डेपोत) कस्टम्स करून कंटेनर पुढे पाठवण्याचाही विचार करता येईल. तिथे हाताळणी आणि पुढील वाहतुकीच्या वेगळ्या ओळी बिलात येतात. म्हणून निव्वळ टीएचसीची तुलना न करता, कारखान्याच्या फाटकापासून जहाजापर्यंतच्या एकूण खर्चाचे दोन आकडे मागवा. महिन्याला एखादाच कंटेनर असेल तर कारखान्यात सील लावून थेट बंदरात पाठवणेच सोयीचे.