रात्री रोही (नीलगाय) आडवा येतो, गाडीला पुढून लोखंडी गार्ड बसवून खरंच फायदा होतो का?

कापूसकोंड्या (यवतमाळ)

राजेहो, एक सल्ला पाहिजे. मी कामासाठी आठवड्यातून तीनदा यवतमाळ-दारव्हा-दिग्रस करतो आणि परतताना अंधार ठरलेलाच. मागच्या महिन्यात रात्री साडेआठच्या सुमारास हरभऱ्याच्या वावरातून एक रोही निघाला, तो रस्ता ओलांडून गेला, मी हुश्श केलं आणि त्याच्या मागून दुसरा आला तो थेट डाव्या हेडलाईटवर. स्पीड ७० च्या आसपास असेल, ब्रेक दाबला होता म्हणून मागच्या पायांवर बसली धडक. तो उठला, लंगडत वावरात गेला. मी खाली उतरलो तर बंपर लोंबकळतोय, फेंडर आत, आणि खाली कूलंट टपटप. जाळीत राखाडी केसांचा झुपका अडकलेला होता, तो दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने पकडीने ओढून काढला, अजून डोळ्यापुढून जात नाही.

आता घरी बाबांचं एकच, "आमच्या जीपला पुढे पाईप होता, तीस वर्षं काही झालं नाही, तुमच्या गाड्या म्हणजे डबडे." इथल्या वेल्डिंगवाल्याने दोन इंची पाईपचं गार्ड फिटिंगसकट ९ हजारात सांगितलंय, वर म्हणतो रोही काय बैल आला तरी गाडीला ओरखडा नाही. गाडी छोटी एसयूव्ही आहे, पुढे दोन एअरबॅग. पोलीस पकडतात असंही ऐकलं पण रस्त्यावर तर निम्म्या गाड्यांना दिसतंच. ज्यांनी लावलंय आणि ज्यांची जनावराला धडक झालीय अशांनीच सांगा, उगाच ज्ञान नको.

डिझेलभाऊ

लाव बिनधास्त. माया पिकअपले सहा वर्षांपासून आहे. दोन डुकरं, एक गोऱ्हा अन् कुत्रे तं मोजलेच नाई. एकदा आर्णी रोडवर रानडुक्कर आलं, धाडकन आवाज झाला, मले वाटलं गेली गाडी, उतरून पाह्यतो तं गार्डचा खालचा पाईप वाकला फक्त, रेडिएटर शाबूत. घरी येऊन घनानं सरळ केला. गार्ड नसतं तं रात्रभर रस्त्यावर बसलो असतो भाजीचा माल घेऊन. सरकारले काय जाते बंदी घालाले, त्यायच्या गाडीपुढं डुक्कर येते का.

पाना_नंबर_तेरा

कापूसकोंड्या, मी नागपूरला डेंटिंगचं काम करतो, गार्ड लावलेल्या आणि न लावलेल्या दोन्ही प्रकारच्या ठोकलेल्या गाड्या येतात, तेव्हा जे बघतो ते सांगतो.

डिझेलभाऊंचं खोटं नाही. डुक्कर बुटकं असतं, सगळा मार खाली बसतो, आणि पिकअपला लांब चेसिस असते, गार्ड थेट चेसिसच्या टोकाला बोल्ट करता येतं. ४०-५० च्या स्पीडला डुक्कर, कुत्रा, वासरू असेल तर गार्डने रेडिएटर आणि लाईट वाचतात, हे मी नाकारणार नाही.

पण तुझ्या गाडीला वेगळी चेसिस नाहीच, बॉडी आणि सांगाडा एकच. वेल्डिंगवाला गार्ड कुठे बसवणार ते त्याला विचार. बहुतेक जण प्लास्टिक बंपर कापतात आणि आतल्या आडव्या बीमच्या दोन बोल्टांवर पट्ट्या टाकून लटकवतात. पाईप दोन इंची दिसतो पण आतून पोकळ, पत्रा पातळ. जोरात बसली की पाईप तुटत नाही, अख्खं गार्ड मागे सरकतं, आणि मागे काय आहे? एसीचा कंडेन्सर, त्याच्यामागे रेडिएटर, त्याच्यामागे पंखा. माझ्याकडे अशी एक गाडी आली होती, गार्डचा मधला उभा पाईप कंडेन्सरमधून आरपार जाऊन रेडिएटरला टेकलेला, जणू कुणी मोजून भोक पाडलंय. गार्ड नसतं तर कदाचित तेवढं आत गेलं नसतं.

दुसरं म्हणजे तुझी गाडी मुद्दामच पुढून चुरगळायला बनवलीय. बाबा डबडं म्हणतात तेच तिचं काम आहे. बंपरमागचे दोन डबे चुरगळतात, जोर तिथे खर्च होतो, तुझ्या छातीपर्यंत कमी पोचतो. जीप चुरगळत नव्हती तेव्हा आतला माणूस स्टेअरिंगवर आपटायचा, ते बाबांना आठवत नसेल एवढंच. कडक पाईप लावला की जोर थेट पुढच्या दांड्यांत जातो. त्या दांड्या एकदा वाकल्या की बेंचवर ओढूनही गाडी पूर्वीसारखी सरळ पळत नाही, टायर खात राहते. आणि एअरबॅगचा सेन्सर गाडी किती झटक्यात मंदावते ते बघून ठरवतो, कंपनीने ते मूळ बंपर धरून ठरवलेलं असतं. गार्डमुळे बॅग उशिरा उघडेल की नको तिथे उघडेल, हे वेल्डिंगवाला तर सांगूच शकत नाही.

आता रोह्याचं. मोठा नर खांद्याला साडेचार-पाच फूट, वजन २०० किलोच्या वर, आणि पाय लांब. पोट जवळपास बोनेटच्या पातळीला येतं. गार्ड काय करतं, पाय तोडतं. वरचं धड कुठे जाणार? बोनेटवरून घसरत काचेवर. आमच्याकडे एक गाडी टो करून आली होती, समोरून बघशील तर गार्ड ठीक, नंबरप्लेट ठीक, आणि काच पूर्ण आत, छताची कड दबलेली, ड्रायव्हरच्या सीटवर काचेचा चुरा आणि केस. माणूस वाचला, चेहऱ्याला टाके पडले. गार्डने बंपर वाचवला. बंपरचं तू काय करणार?

डिझेलभाऊ

मंग काय करायचं, हात जोडून बसायचं? रोही तं येणारच न भाऊ, रस्ताच त्याच्या वावरातून गेलाय.

टेकडी_गणेश

कायद्याचं सांगतो. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र काढलं, क्रॅश गार्ड, बुलबार हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरोधात आहेत, कारवाई करा. कारण त्यात चालणारा माणूस आणि गाडीतला माणूस दोघांचाही धोका सांगितलाय, आणि ते पटण्यासारखं आहे, तोच पाईप उद्या एखाद्या शाळेच्या पोराच्या मांडीला लागला तर प्लास्टिक बंपरसारखा दबणार नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाने गाडीत परवानगी नसलेला बदल केला तर एकेका बदलाला ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. रस्त्यावर निम्म्या गाड्यांना आहे म्हणून चालतं असं नाही, पकडलं नाही एवढंच.

आणि डिझेलभाऊ, काय करायचं त्याचा हिशोब करा. १०० च्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. रोही दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तरी ४२ मीटर गेले, त्यानंतर कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी ५५ च्या आसपास. म्हणजे शंभर मीटर. डिपरचा उजेड नीट पडतो ५०-६० मीटर. म्हणजे जनावर दिसलं तेव्हाच धडक ठरलेली असते, फक्त किती जोरात ते बाकी असतं. ६० ला हेच सगळं मिळून ४५ मीटरात होतं.

सध्या_ऑस्ट्रेलियात

मूळचा वाशीमचा, आता इथे क्वीन्सलँडच्या आतल्या भागात आहे म्हणून लिहितोय, कारण इथे कांगारूमुळे हा विषय रोजचा. इथे याला रू बार म्हणतात आणि गावाकडे प्रत्येक युटला, म्हणजे इथल्या पिकअपला, असतो. पण दोन फरक आहेत. एक म्हणजे तो त्याच मॉडेलसाठी बनवलेला असतो, एअरबॅगशी जुळणारा, चेसिसला बसणारा, त्याच्या ब्रॅकेटसुद्धा ठरावीक जोराला दबतील अशा असतात, आणि त्यासाठी इथे वेगळं मानक आहे. रस्त्याकडेच्या वेल्डरचा पाईप आणि हा, यांची तुलनाच नको. पुढे जड बार आला की पुढचे स्प्रिंगही बदलावे लागतात, नाहीतर नाक खाली जातं आणि लाईट लांब पडायच्या ऐवजी जवळच्या रस्त्यात खुपसतो.

दुसरं म्हणजे एवढं करूनही इथले जुने शेतकरी संध्याकाळी आणि पहाटे गाडी काढायचं टाळतात, भाड्याच्या गाडीच्या करारात तर बऱ्याचदा गावाबाहेर रात्री चालवायची नाही असंच लिहिलेलं असतं. बार कशासाठी असं मी इथल्या एकाला विचारलं होतं, तो म्हणाला की दोनशे किलोमीटरवर गॅरेज नाही, रेडिएटर फुटला तर मरू, म्हणून. म्हणजे बार गाडी घरी नेण्यासाठी. तुला दारव्ह्याहून यवतमाळला यायचंय बाबा.

आणि एक, इथे लायसन्सच्या वेळी डोक्यात बसवतात की जनावरासाठी स्टेअरिंग फिरवायचं नाही. सरळ ब्रेक, लेन सोडायची नाही. इथे कांगारूला वाचवायला गेलेले झाडावर गेलेत. आपल्याकडे तर बाजूला बाभूळ नाहीतर समोरून ट्रक.

क्लेमवाले_काका

मी इन्शुरन्सचा सर्व्हे करायचो, आता निवृत्त आहे. जनावराची धडक साध्या पॅकेज पॉलिसीत ओन डॅमेजमध्ये, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीत, येते, फक्त थर्ड पार्टी असेल तर नाही. झीरो डेप (पार्टची घसारा कापू न देणारी जोड) नसेल तर प्लास्टिक आणि रबरच्या पार्टवर निम्मी रक्कम कापली जाते, काचेवर कापत नाहीत. बंपर, लाईट, जाळी सगळं प्लास्टिकच, म्हणून तिथे खिसा जातो. ९ हजार गार्डला घालण्यापेक्षा झीरो डेप घे. बेकायदा गार्ड असेल तर सर्व्हेअर फोटोत पकडतोच, मग रक्कम कापण्यावरून भांडणं सुरू होतात, काही वेळा क्लेमच अडकतो. धडकेनंतर गाडी हलवण्याआधी फोटो काढ, केस अडकलेले असतील तर त्याचाही काढ.

आणि जखमी किंवा मेलेला रोही असेल तर वनविभागाला १९२६ वर कळव. काही लोक मेलेला रोही गाडीत टाकून घेऊन जातात, वन्यजीव कायद्याने तो सरळ गुन्हा आहे, धडक चुकून झाली असली तरी.

पाना_नंबर_तेरा

समृद्धीवर काय केलंय बघा, दोन्ही बाजूंनी कुंपण आणि जनावरांसाठी खालून-वरून रस्ते. पेंचला ४४ नंबर हायवेखालून तर ७५० मीटरपर्यंत लांबीचे अंडरपास आहेत, तिथे वाघ जाताना कॅमेऱ्यात आलेत. आपल्या दिग्रस रोडला कोण करणार म्हणा. पण जोपर्यंत करत नाहीत तोपर्यंत एक साधं काम कर, हेडलाईटच्या काचा पिवळ्या झाल्या असतील तर पॉलिश करून घे आणि लाईटची उंची सेट करून घे. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या गाड्यांचा डावा लाईट खाली बघत असतो, आणि रोही येतो तो त्याच बाजूच्या वावरातून. आणि एक रोही गेला की थांब, कळप मागे असतोच. हे तुला आता सांगायची गरज नाही.

डिझेलभाऊ

गार्ड मी काढत नाई. पण लाईट पाह्यतो उद्या. माया तं उजवाच खाली पाह्यते बहुतेक.

कापूसकोंड्या (यवतमाळ)

सगळ्यांना धन्यवाद. वेल्डिंगवाल्याकडे जाऊन विचारलं की बोल्ट कुठे मारणार, तर म्हणाला "बंपर काढून बघू मग ठरवू." तिथूनच परत आलो. झीरो डेप रिन्यूअलला घेतोय. लाईट सेट केले, काल पहिल्यांदा ५५ च्या वर गेलो नाही, मागून ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवून वाजवून जीव काढला, एकाने तर बाजूने जाताना शिवी पण दिली.

बाबांना काच आत गेलेल्या गाडीचं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले की जीपच्या वेळी एवढे रोही नव्हतेच इकडे. जीपचा तो पाईप अजून गोठ्याच्या फाटकाला आहे, म्हैस अडवायला, तिथे मात्र पक्का काम करतोय.

क्लेमवाले काका, तो लंगडत गेलेला रोही महिनाभरापूर्वीचा आहे, आता १९२६ वर कळवून काही उपयोग आहे का?