मदत हवी आहे: स्टेंट टाकून ५ महिने झालेत, हर्नियाचं ऑपरेशन आत्ता करावं का?

नमस्कार मंडळी, जरा घाईतच विचारतेय. आमच्या अण्णांना (वय ६८, शुगर आहे) ५ महिन्यांपूर्वी अटॅक आला तेव्हा अँजिओप्लास्टी करून औषधवाला स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) टाकला, त्यातून एव्हरोलिमस हळूहळू सुटतं आणि आत पेशी वाढून नळी परत अरुंद होत नाही असं डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं, पण त्याच औषधामुळे जाळीवर आतलं अस्तर चढायलाही वेळ लागतो म्हणून तिथे गुठळी होऊ नये यासाठीच्या अ‍ॅस्पिरिन आणि टिकाग्रेलॉर या गोळ्या वर्षभर बंद करायच्या नाहीत अशी सक्त ताकीद दिलीय.

आता हर्निया दुखायला लागलाय आणि सर्जन म्हणतात टिकाग्रेलॉर ५ दिवस आधी थांबवा. कार्डिओलॉजिस्ट सोमवारी भेटतील, तोवर एकही गोळी चुकवू देत नाहीये मी. अण्णा म्हणतात एवढ्याशा गोळीनं काय होतंय, पण माझा जीव टांगणीला लागलाय, स्टेंटमध्ये गुठळी झाली तर परत अटॅकच ना.

कुणाच्या घरी स्टेंटनंतर वर्षाच्या आत असं ऑपरेशन झालंय का? पुढे ढकललंत की नुसतं अ‍ॅस्पिरिन चालू ठेवून केलंत? हर्निया अडकला तर थांबता येणार नाही हे माहितीये. सोमवारी डॉक्टरांना नेमकं काय काय विचारू तेही सांगा प्लीज.