हाफिज वाचून देश झोपतो का?

जुना वाचक:
इराणातल्या तबरीझ शहरचे इतिहासकार अहमद कसरवी (१८९०–१९४६) यांनी लिहिलेला इराणच्या घटनात्मक क्रांतीचा (शहाच्या सत्तेला संसदेचा लगाम घालू पाहणाऱ्या चळवळीचा) इतिहास आजही टाळता येत नाही. हेच गृहस्थ हाफिज आणि रूमी या जुन्या फारसी कवींवर तुटून पडले. म्हणणं असं, की मंगोल स्वाऱ्यांनी देश उद्ध्वस्त झालेला आणि कवी सांगतायत: जग क्षणभंगुर, नशिबात असेल ते होईल, प्याला भरा. शतकानुशतकं हेच कानावर पडल्यावर मनगटात जोर राहणार कसा? त्यांचे अनुयायी वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्री असली पुस्तकं जाळत. जाळणं मला मान्य नाही. पण आरोपात तथ्य आहे. बोला!

शमा:
साफ असहमत. क्रांतीची गाणी लिहिणारा आरिफ कझविनी काय करतो? तरुणांच्या रक्तातून लालाची (ट्यूलिपची) फुलं उमलवतो. ही फुलं कुठून आली? जुन्या गझलेतूनच ना? आणि केंब्रिजचा फारसीचा पंडित एडवर्ड ब्राउन घ्या. सूफी काव्यात आकंठ बुडालेला माणूस, पण १९१० मध्ये या क्रांतीची बाजू मांडणारं पुस्तक त्यानेच लिहिलं.

तिरकस:
ब्राउन इंग्रज होता हो! कसरवींचा संशय तोच: युरोपीय पंडित या कवींना डोक्यावर घेतात ते पूर्वेला गुंगीत ठेवायला.

शमा:
इराणची आपसात प्रभावक्षेत्रं वाटून घेणाऱ्या १९०७ च्या इंग्रज-रशिया करारावरून स्वतःच्याच सरकारला जाब विचारणारा माणूस गुंगी कशाला देईल?

तिरकस:
बरं, ब्राउन सोडा. इक्बालनेही १९१५ मध्ये हाफिजवर हेच कोरडे ओढले होते.

शमा:
आणि गुरू कोणाला केलं? रूमीला! सगळे सूफी एका गाठोड्यात बांधू नका.

गप्पिष्ट:
आपल्याकडे राजवाडे विरुद्ध रानडे झालंय की हे. एकाच्या मते संतांनी महाराष्ट्र पंगू केला, दुसऱ्याच्या मते संतांनीच स्वराज्याची जमीन नांगरली. (मी रानड्यांकडून. चालू द्या.)

जुना वाचक:
राजवाड्यांचं दप्तर उघडलं तर धागा पावसाळाभर चालेल, तूर्त तबरीझ. १९०८ साली क्रांती चिरडायला निघालेल्या शहाच्या फौजांपुढे शहरात घरोघरी शरणागतीची पांढरी निशाणं लागली होती. घोड्यांचा व्यापार करणारा सत्तारखान मूठभर माणसं घेऊन निघाला आणि ती उतरवत गेला. हे कसरवींनीच नोंदवलंय.

शमा:
मग तुमचा साक्षीदार माझ्याच बाजूने बोलतोय. या लोकांच्या कानावरही तेच शेर पडत होते की. तरी वेढा पडला, उपासमार झाली, आणि ते लढले.

जुना वाचक:
उतरवणारा तेवढा दिसला तुम्हाला. ती निशाणं लावली कोणी होती?

तिरकस:
+१. तबरीझचा दवेची मोहल्ला तर उघडउघड शहाच्या बाजूने होता.

शमा:
दवेचीत मुल्लांचं चालायचं, हाफिजचं नाही. ढोंगी वाइज (धर्मोपदेशक) आणि मुहतसिबांची (नीतिनियमांवर पहारा ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांची) हाफिजइतकी टर कोणी उडवलीय सांगा. आणि १९४६ मध्ये तेहरानच्या न्यायालयात, सुनावणी चालू असताना कसरवींचा खून केला तो फिदाइयान-ए-इस्लाम या कट्टर धार्मिक संघटनेच्या माणसांनी. त्यांच्या खिशात काही हाफिजचा दिवाण (काव्यसंग्रह) नव्हता.