रसायन नको, पण ओलं शेण चालेल?

रानवाट
"औषध मारलेलं नाही, तोडून तसंच खा." घरच्या वाफ्यातली भाजी दाखवताना लोक हे इतक्या विश्वासाने म्हणतात की मला आता काळजी वाटायला लागली आहे. मीही औषध मारत नाही. पण त्याच वाफ्यात पेरणीच्या वेळी ओलं शेण मिसळलं असेल, तर मुळा, गाजर, लेट्यूस कच्चं खायला देणं मला धोक्याचं वाटतं.

जनावर धडधाकट असलं तरी त्याच्या आतड्यात ई. कोलाय या जंतूचे घातक प्रकार असू शकतात. ओ१५७ हा त्यातलाच. शेणातून ते मातीत येतात आणि आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्‌महिने तग धरतात. जोराचा पाऊस झाला की माती उडून पानाच्या खालच्या बाजूला चिकटते.

अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांतच याची सोय आहे. खायचा भाग मातीला लागत असेल तर कच्चं शेण घातल्यापासून काढणीपर्यंत १२० दिवस जावे लागतात, लागत नसेल तर ९०. मुळा दीड महिन्यात काढणीला येतो. म्हणजे पेरताना घातलेलं ओलं शेण मुळ्याला कधीच चालणार नाही! मी स्वतः पहिली दोन वर्षं तेच करत होतो आणि मुलांना मुळे खायला देत होतो. काही झालं नाही, पण त्यात माझी काही हुशारी नव्हती.

माझं म्हणणं एवढंच: कच्च्या खायच्या पिकांना न कुजलेलं शेण अजिबात नको.

दवबिंदू
रानवाट, तुमची कळकळ कळते, पण मला हा धागा चुकीच्या बाजूला जाताना दिसतोय. लोक आधीच म्हणतात, "सेंद्रियवाल्यांची भाजी तरी कुठे शुद्ध असते?" तुम्ही त्यांच्या हातात आयतं कारण देताय.

जंतू शिजवल्यावर मरतात. आंतरप्रवाही कीटकनाशकाचं काय? इमिडाक्लोप्रिडसारखं औषध मुळातून किंवा पानातून आत शिरतं आणि रसाबरोबर झाडभर फिरतं. ते सालीवर बसलेलं नसतं की नळाखाली धरून निघून जाईल. त्याच्यावर उपाय एकच, फवारणी आणि काढणी यांच्यात डब्यावर लिहिलेले दिवस जाऊ देणं. आणि भेंडी, काकडी, वांगी यांची तोडणी दर दोन-तीन दिवसांनी असते, तेव्हा ते दिवस पाळणं किती अवघड आहे ते पीक काढणाऱ्यालाच विचारा. फवारणी करणाऱ्याच्या अंगावर जे पडतं ते वेगळंच. तो ताटात येणाऱ्या अंशाच्या कितीतरी पट जास्त विष रोज झेलतो.

सामू_साडेसहा
दोघंही वरून काय घातलं यावर भांडताय. खाली काय आहे ते कोणी बघितलं का?

जुन्या इमारतीच्या भिंतीलगत किंवा वाहत्या रस्त्याच्या कडेला वाफा असेल तर मातीत शिसं असण्याची शक्यता मोठी. गाड्यांचं शिसेयुक्त पेट्रोल जगातून हद्दपार झालं ते २०२१ मध्ये, पण मातीत पडलेलं शिसं कुठे जात नाही. ते झाड फारसं शोषत नाही, ते येतं चिकटलेल्या मातीबरोबर. म्हणून तिथे कंदमुळं आणि पालेभाज्या टाळून टोमॅटो, मिरची घेतली तर धोका बराच कमी होतो.

कॅडमियमची तऱ्हा उलटी. ते झाड आत ओढून घेतं, पानात साठवतं, आणि ते धुऊन जात नाही. काही फॉस्फेट खतांतून ते थोडं थोडं जमिनीत येतं. माती आम्लधर्मी असेल तर झाडाला जास्त मिळतं, चुना घालून सामू (पीएच) वाढवला की कमी. सेंद्रियवाल्यांचं बोर्डो मिश्रणही (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) इथे आठवावं: मोरचुदातलं तांबं वर्षानुवर्षं जमिनीत साठत जातं. एकदा माती तपासून घ्या, मग वाद घाला.

पानदेठ
मला भीती वेगळीच आहे. हे सगळं वाचून माणूस भाजी खाणंच कमी करेल. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खा म्हणते, आणि बहुतेकांच्या ताटात तेवढी जात नाहीत. भाजी न खाण्याचं नुकसान कोणी मोजत नाही.

रानवाट
पानदेठ, भाजी कमी खा असं मी कुठेच म्हटलेलं नाही. खायची आहे म्हणूनच बोलतोय.

दवबिंदू, शिजवल्यावर जंतू मरतात हे बरोबर, पण मी बोलतोय ते कच्च्या खायच्या भाजीबद्दल. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलाय ओ१०४ची साथ आली. सुमारे ३,८०० लोक आजारी पडले, पन्नासहून अधिक दगावले. आधी काकड्यांवर आळ आला, नंतर धागा मेथीच्या मोडांपर्यंत पोचला. ते मोड एका सेंद्रिय शेतावरचे होते.

दवबिंदू
हे उदाहरण तुमच्या मुद्द्याला लागू होत नाही. तिथे संशय बाहेरून आलेल्या मेथीच्या बियांवर होता, शेणावर नाही. उबदार ओलाव्यात बी मोडायला ठेवलं की जंतूही वाढतात, मग वाढवणारा सेंद्रिय असो वा नसो. शेणाविरुद्ध बोलायचं तर शेणाचाच पुरावा द्या.

रानवाट
मान्य. ते उदाहरण मी मागे घेतो. "सेंद्रिय" हा शब्द जंतूंपासून राखण करत नाही, एवढंच त्यातून निघतं. १२० दिवसांचा मुद्दा मात्र तसाच उभा आहे. आणि आंतरप्रवाही औषधांबद्दल तुम्ही म्हणताय ते मला पटतं, फवारणाऱ्याचा विचार मी केलाच नव्हता.

सामू_साडेसहा
शेणाची आणखी एक बाजू आहे, ती दोन्हीकडच्यांना आवडणार नाही. पालकाच्या पानात नायट्रेट, म्हणजे नत्राचंच एक रूप, साठतं, आणि पानाला ते युरियातून आलं की शेणखतातून याच्याशी देणंघेणं नसतं. नत्र भरपूर आणि ऊन कमी, की साठा वाढतो, कारण नायट्रेटची प्रथिनं करण्याच्या कामाला प्रकाश लागतो. म्हणून ढगाळ दिवसांत नत्राचा हात आखडता ठेवावा आणि पालक सकाळी न काढता दुपारनंतर काढावा. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २००८ मध्ये हे तपासलं, तेव्हा भाज्यांचा फायदाच मोठा ठरला, त्यामुळे पानदेठ, घाबरू नका. तान्ह्या बाळांच्या बाबतीत मात्र जपावं.

दवबिंदू
हे मला माहीत नव्हतं. मी "शेणखत कितीही घाला, अपाय नाही" असं आजवर सगळ्यांना सांगत आले.

पण रानवाट, "अजिबात नको" मला अजूनही मान्य नाही. वांगी-टोमॅटोला लागवडीच्या कितीतरी आधी शेण मातीत मिसळून ९० दिवस मोजले, तर त्यात गैर काय?

रानवाट
काहीच नाही, पण खायचा भाग मातीपासून वर हवा आणि दिवस खरंच मोजलेले हवेत. मुळा-गाजराच्या वाफ्याला मी कुजलेलं खतच घालणार. नुसतं वर्षभर पडून काळं झालेलं नाही, तर ५५ अंशांच्या वर १५ दिवस तापलेलं आणि त्या काळात पाच वेळा उलथलेलं. त्यासाठी ढिगात खुपसायचा लांब दांडीचा तापमापक घेतलाय. परवा पाहिलं तेव्हा मधोमध ५८ होते, कडेला जेमतेम ४०. कडेचा भाग आत कसा घ्यावा, उलथताना थर कसे लावता, हे कोणी नियमित करणारं असेल तर कृपया सांगा.