गोधडी मधेच फुगतीया, आणि नमुने एकमेकींना द्यायचे की नाही?

वडगावची_वाकळ

नमस्कार. आम्ही वडगावातल्या सात-आठ बायका दर रविवारी दुपारी देवळाच्या कट्ट्यावर बसून गोधड्या शिवूलालोय, दिवाळीपासनं चाललंय. ठरवून काय नाही, सासूबाई गेल्यावर त्यांच्या ट्रंकेतनं अकरा लुगडी निघाली, दोन इरकली, बाकी साधी सुती. कुणाला द्यायला मन होईना आणि नेसणारं घरात कुणी नाही, म्हणून शेजारच्या काकींना विचारलं शिकवता काय, तर म्हणाल्या ये की, सुई घेऊन ये आणि मांडी घालून बसायची तयारी ठेव. तिथनं एकीचं बघून दुसरी असं करत अर्धी गल्ली जमली.

आता अडचणी. पहिली, माझी मोठी गोधडी मधोमध फुगलीया. कडेनं दोरा घालत आत आत गेले तर शेवटी मधे पुरीसारखा फुगवटा आला, एकीकडे दाबला की दुसरीकडनं निघतोय. दुसरी, त्याआधी भाचीच्या बाळासाठी दुपटं केलं होतं, त्याला इरकलीचा लाल पदर लावला आणि पहिल्याच धुण्यात लाल रंग खालच्या पांढऱ्या धोतरावर उतरला. बारशाला चार दिवस होते हो!

तिसरी जरा नाजूक आहे. पोरी मोबाइलवर परदेशातल्या क्विल्टचे फोटो दाखवतात, सगळं पट्टीनं मोजून कापलेलं, चांदण्या काय, घरं काय. काकी म्हणतात हे अंगावर घ्यायचं की भिंतीला लावायचं. आणि आमच्यातली एक ऑर्डरी घेती, तिचा नमुना दुसरीनं केलेला तिला चालत नाही, त्यावरनं गेल्या रविवारी जरा बोलाचाली झाली, दोघी अजून एकमेकींकडं बघत नाहीत. तुमच्याकडं काय करतात? नमुने कुठनं काढता?

खानापूर_पाऊस

ताई, आधी कच्चे टाके घातले होते काय? नसणार. सगळे थर अंथरायचे, चारी कोपऱ्यांवर पाटा-वरवंटा, विटा, घरात जे जड असेल ते ठेवायचं, मग मधनं बाहेर हात फिरवत सुरकुती काढायची आणि मधनंच चारी दिशांना वीतभर लांब टाके घालत कडेपर्यंत जायचं. मग खरा दोरा कडेनं आत घाला, फुगणार नाही. होतं काय, प्रत्येक ओळीला सुई वरचं कापड केसभर पुढं ढकलती, अशा पन्नास ओळी झाल्या की ते सगळं मधे येऊन बसतंय, जायला जागाच नसती. दोरा पण फार ओढू नका.

आणि एक, नवीन कापड जुन्या लुगड्याबरोबर घातलंय काय? घातलं असेल तर धुतल्यावर नवीन आटतंय आणि जुनं आहे तसंच राहतंय, मग चुण्या पडतात. नवीन आधी भिजवून वाळवून घ्यायचं.

आमच्याकडं पावसाचं गणित वेगळं. चार थरांच्या वर आम्ही जात नाही, सहा थराची वाकळ एकदा भिजली की चार-चार दिवस वाळत नाही आणि मग तो कुबट वास उन्हाळ्यापर्यंत जात नाही. धुणं काय ते नवरात्राच्या आधी, चांगलं ऊन बघून.

टिळकवाडी_शिलाई

ती ऑर्डरवाली मीच असल्यासारखं वाटलं 😄 (मी नव्हे, पण मी पण विकते.) तिची बाजू पण बघा. एक सिंगल गोधडी हातानं करायला मला दीड महिना लागतो, घरचं बघून. गिऱ्हाईक येऊन म्हणतं दोन हजार? चादर चारशेला मिळती की. त्यात शेजारणीनं तोच रंगमेळ करून स्वस्तात दिला तर पोटावर येतं. पण चौकोन, त्रिकोण काय कुणाच्या बापाचे नाहीत, ते धरून बसू नये. तिनं रंगमेळ ठेवावा स्वतःचा, बाकीच्यांनी त्यावर ऑर्डर घेऊ नये, घरच्यासाठी करा म्हणावं. बसून एकदा बोला.

हिशेब पण देते, नवीन लोकांना लागतो. 9 वार म्हणजे साधारण 8.2 मीटर, त्याचे तीन तुकडे पाडले की एकेक पावणेतीन मीटरचा. पन्हा 45 ते 48 इंच. म्हणजे एका नऊवारीत लहान पोराच्या किंवा एकट्या माणसाच्या गोधडीचे तीन थर निघतात, आणखी एखादं धोतर घातलं की झालं. रुंद पाहिजे तर दोन तुकडे काठाला काठ लावून जोडायचे. पॉलिस्टरची साडी मधे चुकून पण घालू नका, सरकती आणि घाम शोषत नाही.

हल्याळ_माहेर

माझं माहेर हल्याळ, सासर बेळगाव. तुम्ही परदेशातले फोटो बघूलालाय, अहो खानापूर ओलांडून पुढं या की. आमच्याकडं हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या भागात सिद्दी लोक आहेत, पूर्वज आफ्रिकेतनं आलेले, त्यांच्या बायका ज्या कवंद म्हणजे चिंध्यांच्या गोधड्या करतात त्या अमेरिकेतल्या म्युझियममधे लागल्यात. आणि त्यांचं तंत्र ऐकून तुमचा फुगवटाच सुटेल.

त्या आधी वरचा थर तुकडे जोडून तयार करून घेतच नाहीत. खाली एक साडी अंथरायची, एका कोपऱ्यापासनं चिंधी ठेवायची, कड आत दुमडायची आणि तिथंच धावदोरा घालायचा, मग दुसरी तिला थोडी चढवून, असं कडेकडेनं फिरत मधे यायचं. तुकडा बसवणं आणि दोरा घालणं एकाच वेळी. त्यामुळं कापड जरा सरकलं तर पुढचा तुकडा त्याला सांभाळून घेतो, मोजायची भानगडच नाही. मधे उरतो तो शेवटचा तुकडा, उरलेल्या जागेएवढा कापायचा. आणि चारी कोपऱ्यांना घडी घातलेले त्रिकोण लावतात, त्याला फूल म्हणतात, फुलाशिवाय कवंद पुरी झाली असं धरतच नाहीत.

लहानपणी आमच्या परसात एक बाई यायच्या, मी तासन् तास बघत बसायची. लाल कुठं, पिवळा कुठं, विचारलं तर हसायच्या फक्त. कागदावर काय नसायचं, मांडीवर चिंध्यांचं गाठोडं आणि डोळा. नमुना गाठोड्यातनं येतो, मोबाइलमधनं कशाला आणायचा.

निपाणीचा_गडी

मला शिवता येत नाही, पण आईची वाकळ अजून पांघरतो म्हणून बोलतोय. लय जड हाय, दोन माणसं लागतात पिळायला, पण थंडीत असलं काय नाही. आई शेवटचं टोक शिवायच्या आधी आत भाकरीचा तुकडा घालायची, वाकळ उपाशी राहू नये म्हणायची. लहानपणी मी तो तुकडा शोधायला कोपरा उसवला होता आणि मार खाल्ला होता.

रंगाचं सांगतो, कापडाच्या दुकानात काम केलंय मी. मिठाच्या पाण्यात रंग बसतोय हे सगळे सांगतात, तयार कापडाचा निघणारा रंग मिठानं थांबत नाही. शिवायच्या आधी पांढरी चिंधी ओली करून लाल कापडावर घासून बघा. चिंधी लाल झाली तर ते कापड वेगळं भिजवून पाणी नितळ येईतो धुवायचं, तरी येतच राहिलं तर त्याला गडद कापडांबरोबर लावा. आणि डाग पडला की दुपटं उन्हात टाकायचं नाही, वाळायच्या आधीच पावडरच्या भरपूर पाण्यात बुडवून ठेवायचं.

वडगावची_वाकळ

सगळ्यांना उत्तर देते, उशीर झाला, घरी पाहुणे होते.

मोठीचा मधला हातभर भाग उसवला. उसवताना कळलं की खालचं कापड सरळच होतं, वरचंच पुढं आलं होतं, खानापूरच्या ताई बरोबर. वरनं जादा आलेलं कापून काढलं आणि तिथं सिद्दी बायकांसारखे तुकडे एकावर एक चढवत बसवले. काकी आधी नाक मुरडूलालत्या, मग स्वतःच गाठोड्यातनं एक पिवळा तुकडा काढून म्हणाल्या हा घाल तिथं. बसला की हो!

दुपट्याचा डाग गेला नाही, उन्हात टाकून बसले होते ना आधीच. त्यावर गुळेदगुड्डच्या खणाचे छोटे त्रिकोण लावलेत, खण जरा टोचेल वाटलं म्हणून ती बाजू वर ठेवा सांगितलंय भाचीला.

आणि त्या दोघींचं. टिळकवाडीच्या ताईंचं म्हणणं जसंच्या तसं वाचून दाखवलं कट्ट्यावर. ऑर्डरवाली गप्प बसली, मग म्हणाली दीड महिना खरं आहे. आता येत्या रविवारी प्रत्येकीनं घरातल्या जुन्या लुगड्याचा वीतभर तुकडा आठ प्रतींत आणायचाय, आठी जणींत वाटायचा. म्हणजे प्रत्येकीच्या गोधडीत सगळ्यांचं लुगडं. तिनं विचारलं, ती विकायची काय? अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.

हल्याळ_माहेर

फोटो टाका की आधी. आणि तो पिवळा तुकडा कशाचा होता?

वडगावची_वाकळ

काकींच्या लग्नातल्या शालूचा म्हणे. फोटो रात्री टाकते, लाइट गेलीया.