बीटा ब्लॉकरसाठी जीन चाचणी? आधी मनगटावर बोट ठेवा

विजापूर रोड (धागा सुरू करणारा)

मागच्या रविवारी आमच्या सोसायटीत तपासणी शिबिर झालं. साखर आणि बीपी फुकट, आणि टेबलाच्या कडेला एक गुळगुळीत पत्रक: हृदयाची जीन चाचणी करा, तुमच्या जनुकांना मानवेल तेच औषध घ्या. खर्च आठ हजारांच्या घरात. बायको म्हणाली, सासूबाईंची करून टाकू. मी नको म्हटलं. तेव्हापासून घरात भांडी जरा जोरात आपटतायत, म्हणून इथे विचारतोय. विचारतोय कसला, माझं मत ठरलेलं आहे. खोडून दाखवा.

आई ६८ वर्षांची, मामा ६४. सख्खी भावंडं. दोघांना बीपी, दोघांना धडधड, दोघांना रोज सकाळी मेटोप्रोलॉल ५०, म्हणजे ठोके मंदावणारी बीटा ब्लॉकर गोळी. आई तीन वर्षं ही गोळी घेते. या एप्रिलपासून मात्र गळून गेल्यासारखी असते, उठताना चक्कर येते, आणि परवा यंत्रावर नाडी ४६ आली. मामांची नाडी त्याच गोळीवर ८४ च्या खाली यायला तयार नाही. पत्रकवाल्या पोराला हे सांगितलं तर त्याचे डोळेच चमकले. "सर, हाच तर रिसेप्टरचा फरक!"

घरी येऊन मी थोडं वाचलं. माणसामाणसांत हृदयाच्या रिसेप्टरमध्ये, म्हणजे पेशीवरच्या संदेश झेलणाऱ्या प्रथिनात, फरक असतो, हे खरं आहे. तरी चाचणी कशाला? बीटा ब्लॉकरचा परिणाम काही दडून राहत नाही. डॉक्टर कमी डोसने सुरू करतात, दोनेक आठवड्यांनी नाडी-बीपी बघतात, मग वाढवतात नाहीतर उतरवतात. जे घड्याळ लावून अर्ध्या मिनिटात फुकट कळतं, त्याचं भाकीत आठ हजार मोजून कशाला विकत घ्यायचं?

मास्तर, जुळे सोलापूर

बारावीला जीवशास्त्र शिकवण्यात तीस वर्षं गेली, त्यामुळे "थोडं वाचलं" असं कुणी म्हटलं की माझा हात आपोआप खडूकडे जातो.

हृदयाच्या पेशीवर बीटा-१ नावाचे रिसेप्टर असतात. ॲड्रेनलिन किंवा नॉरॲड्रेनलिन त्यांच्यावर येऊन बसलं की ठोके वाढतात, जोर वाढतो. बीटा ब्लॉकर ती बसायची जागाच अडवून धरतो. हा रिसेप्टर म्हणजे ४७७ अमिनो आम्लांची साखळी. तिच्यात ३८९ व्या जागी काहींना आर्जिनिन असतं, काहींना ग्लायसिन. डीएनएच्या एका अक्षराचा फरक. पण ती जागा अशी मोक्याची आहे की रिसेप्टर तिथूनच पेशीच्या आतल्या यंत्रणेला संदेश देतो. आपल्या गावच्या भाषेत सांगतो. यंत्रमागाची मोटर तीच, पट्टा ताणलेला की ढिला एवढाच प्रश्न. आर्जिनिनवाल्यांचा पट्टा ताणलेला. १९९९ मध्ये प्रयोगशाळेत मोजलं तेव्हा तेवढ्याच उत्तेजनाला आर्जिनिनच्या रिसेप्टरने ग्लायसिनच्या तिप्पट प्रतिसाद दिला. गंमत म्हणजे पहिल्यांदा हा रिसेप्टर सापडला तेव्हा ग्लायसिनचा नमुना हाती लागला होता, म्हणून बरीच वर्षं तोच 'मूळ' आणि दुसरा 'बदललेला' समजला जायचा. पुढे कळलं की जास्त लोकांत आर्जिनिनच आहे.

ज्याचा पट्टा ताणलेला, त्याला ब्रेकचा उपयोग जास्त. हृदय कमजोर झालेल्या रुग्णांवर अमेरिकेत बुसिंडोलॉल नावाच्या बीटा ब्लॉकरची मोठी चाचणी झाली होती. २००१ मध्ये निकाल आला, २,७०८ रुग्णांत मृत्यू लक्षणीय कमी झाले नाहीत. औषध फेल. मग त्यातल्या १,०४० जणांची जनुकं तपासली, आणि २००६ मध्ये दिसलं की ज्यांच्या जनुकाच्या दोन्ही प्रती, आईकडची आणि वडिलांकडची, आर्जिनिनच्या, त्यांच्यात मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी होते. ग्लायसिनवाल्यांना फायदा दिसला नाही. सगळ्यांची सरासरी काढली आणि औषध नापास ठरलं! आता म्हणा मनगटावर बोट ठेवा. नाडी तर दोन्ही गटांत उतरली असेल, मेलं कोण आणि जगलं कोण हे नाडीने सांगितलं असतं का?

रेसिडेंट, नाइट ड्यूटी

आधी महत्त्वाचं. विजापूर रोड, नाडी ४६ आणि चक्कर असेल तर इथे वाद घालत बसू नका, उद्या सकाळी आईंचा ईसीजी काढा. आणि गोळी स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, बीटा ब्लॉकर अचानक तोडला की नाडी-बीपी उलट उसळी घेतात. त्यात बाहेर ४३ अंश. घामाने पाणी कमी, बीपी खाली, वर ही गोळी.

मास्तर, गोष्ट छान सांगितलीत पण मध्यंतरापर्यंतच. बुसिंडोलॉल आजही बाजारात नाही. २००९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने परवानगी नाकारली. मग फक्त आर्जिनिन-आर्जिनिनवाले २६७ रुग्ण निवडून, हृदय कमजोर आणि ठोके अनियमित अशांवर, बुसिंडोलॉल विरुद्ध मेटोप्रोलॉल अशी चाचणी केली. २०१९ चा निकाल: एकूणात फरक नाही. आणि या काकूंच्या मेटोप्रोलॉलचंच बघायचं तर मेरिट-एचएफ या १९९९ च्या चाचणीतल्या रुग्णांचा हाच ३८९ चा फरक तपासला होता. औषधाच्या फायद्याशी संबंध सापडला नाही. त्या चाचणीत मेटोप्रोलॉलने मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी केले होते, कुणाचंही जनुक न विचारता.

मेटोप्रोलॉलसाठी जनुक बघायचंच असेल तर ते हृदयातलं नाही, यकृतातलं. सीवायपी-२डी-६ नावाचं एन्झाइम ही गोळी मोडून काढतं. काहींच्यात ते जन्मतःच काम करत नाही. युरोपात शंभरात सहा ते आठ, आपल्याकडे त्याहून कमी. त्यांच्या रक्तात औषध कित्येक पटींनी साठतं. जनुकं बघून औषधं कशी द्यावीत याची शिफारस करणारा सीपीआयसी नावाचा आंतरराष्ट्रीय गट आहे. २०२४ मध्ये त्यांनी बीटा ब्लॉकरवर लिहिलं: एन्झाइम मंद असलेल्यांना मेटोप्रोलॉल अगदी कमी डोसने सुरू करा किंवा दुसरा बीटा ब्लॉकर द्या. रिसेप्टरच्या जनुकांवरून मात्र कसलीही शिफारस केली नाही. पत्रकावर "हृदयाची" लिहिलं की खपतं, "यकृताची" लिहून कोण घेणार.

विजापूर रोड

ईसीजी उद्याच. बाकी डॉक्टर माझ्याच बाजूने बोलले असं मी धरून चालतो.

मास्तर, जुळे सोलापूर

धरून चालू नका. त्यांनी एक जनुक खोडलं आणि दुसरं हातात दिलं. चाचणी नको असं कुठे म्हणाले?

पूर्व भाग

मी पद्मशाली घरातला. अम्मा विड्या वळायची, गुडघे गेले तेव्हा थांबली. तिलाही हीच गोळी होती.

विजापूर रोडवर बसून "दोन आठवड्यांनी नाडी बघतात" म्हणणं सोपं आहे. दोन आठवड्यांनी कोण जातंय बे दवाखान्यात? केसपेपरची रांग, मग डॉक्टरांची रांग, मग औषधाची रांग, म्हणजे दिवस गेला. त्या दिवसाच्या विड्या नाहीत, म्हणजे त्या दिवसाची मजुरी नाही. अम्माला गोळी लिहून दिली आणि ती परत आठ महिन्यांनी गेली, तेही मी ओढून नेली म्हणून. मधल्या काळात डोस कमी पडला का जास्त झाला, कुणी बघितलं नाही. तुमचं मनगट फुकट आहे, आमचं मनगट कामात असतं. ज्याला पुन्हा जायला जमत नाही त्याच्यासाठी पहिली गोळीच नीट बसणं महत्त्वाचं. जनुक एकदा तपासलं की जन्मभर तेच. माझं म्हणणं एवढंच की चाचणीची गरज तुमच्यापेक्षा आम्हाला जास्त आहे, आणि आठ हजार तुमच्याकडे आहेत.

आणि एक. अम्माला पुढे स्टेंट बसला. रक्ताची गाठ होऊ नये म्हणून क्लोपिडोग्रेल चालू. ती गोळी पोटात गेल्यावर यकृतातल्या दुसऱ्या एका एन्झाइमने जागी व्हावी लागते, आणि ते जनुक मंद असणारे आपल्या लोकांत भरपूर आहेत. २०१० पासून अमेरिकेत त्या औषधाच्या माहितीपत्रकावर चौकटीत इशारा छापतात. तिथे कुठली नाडी मोजणार सांगा. स्टेंट बंद पडतो तेव्हाच कळतं.

विजापूर रोड

क्लोपिडोग्रेलचं मान्य. खरंच मान्य, तिथे माझं म्हणणं लागू होत नाही. मी बीटा ब्लॉकरपुरतं बोलत होतो.

परत जायला जमत नाही, हा मुद्दाही बोचला. पण त्यावर उपाय आठ हजारांची चाचणी, की आशाताईच्या हातात एक बीपीचं यंत्र? रिपोर्टमध्ये "मंद" आलं तरी डोस कमी करून पुढे बघायला कुणीतरी लागणारच ना?

नवी पेठ १९५२

आमच्या वेळी जीन नव्हते का? सकाळी उठून सिद्धेश्वर तलावाला दोन चकरा मारा, सगळे रिसेप्टर सरळ होतात.

रेसिडेंट, नाइट ड्यूटी

काका, तलावाच्या चकरा माराच, पण गोळी घेऊन मारा.

पूर्व भाग, स्टेंटचं तुमचं बरोबर आहे, आणि आमच्याकडे तसा विचार व्हायला हवा. एक अडचण मात्र सांगतो. कुठला फरक किती महत्त्वाचा हे ठरवणारे अभ्यास बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या लोकांवर झालेत. आपल्या गावात चार भाषा, आणि बहुतेक समाजांत लग्नं पिढ्यान्पिढ्या आपापसातच. एखादा फरक एका पेठेत भरपूर, शेजारच्या पेठेत जवळपास नाही, असं होऊ शकतं. हृदयाच्या स्नायूतल्या एका प्रथिनाच्या जनुकात २५ अक्षरं गळलेली असण्याचा प्रकार घ्या. भारतीय उपखंडात सुमारे ४ टक्के लोकांत सापडतो, हृदय कमजोर होण्याचा धोका वाढवतो, आणि २००९ मध्ये ते प्रसिद्ध झालं ते इथल्या लोकांना तपासलं म्हणून. जीनोम इंडिया प्रकल्पात १०,००० भारतीयांचे जीनोम वाचून झालेत, पण कुठल्या माणसाला कुठली गोळी कशी लागू पडली हे त्याला जोडणं बाकीच आहे.

चाटी गल्ली, मेडिकल दुकान

दुपारी गिऱ्हाईक नसतं म्हणून सगळा धागा वाचला. एवढे शिकलेले लोक, पण एक साधी गोष्ट कुणी विचारली नाही.

विजापूर रोड, तुम्हीच लिहिलंय: आई तीन वर्षं ही गोळी घेते, त्रास एप्रिलपासून. जनुकं काय एप्रिलमध्ये बदलली? रिसेप्टर तोच, यकृत तेच, गोळी तीच. मग एप्रिलमध्ये नवीन काय आलं? घरातला औषधांचा डबा उघडा. आईंचा, फक्त बीपीचा नाही. डिप्रेशनची गोळी? फ्लुऑक्सेटिन, पॅरोक्सेटिन? नायट्याची गोळी? ॲलर्जीसाठी काही? पट्ट्यांचे फोटो टाका.

विजापूर रोड

थांबा.

डबा बघितला. नायट्याची. मार्चअखेर आईला कमरेला, परकराच्या नाडीखाली नायटा झाला, उन्हाळ्यात दरवर्षी होतो. यंदा जास्त पसरला म्हणून त्वचेच्या डॉक्टरांनी टर्बिनाफिन २५० रोज एक, सहा आठवडे. आईने त्यांना बीपीच्या गोळीचं सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणाली, "त्यांनी कातडीचं विचारलं, मी कातडीचं सांगितलं."

चाटी गल्ली, मेडिकल दुकान

झालं मग. टर्बिनाफिन ते सीवायपी-२डी-६ जाम करतं, चांगलंच. गोळी संपली तरी पुढे काही आठवडे परिणाम राहतो. म्हणजे रोज ५० चीच गोळी, पण अंगात साठतंय भलतंच. दोन्ही चिठ्ठ्या घेऊन हृदयाच्या डॉक्टरांकडे जा. ही दोन औषधं एकत्र दिसली की मी नेहमी विचारतो, पण लोक नायट्याचं एका दुकानातून नेतात आणि बीपीचं दुसऱ्या.

विजापूर रोड

मास्तर, बघा. आठ हजार देऊन चाचणी केली असती तर रिपोर्टवर काय आलं असतं? "एन्झाइम नॉर्मल." आणि आम्ही तो कागद फाइलला लावून निश्चिंत झालो असतो.

मास्तर, जुळे सोलापूर

आणि ते एन्झाइम कुठून कळलं? जनुकं शोधणाऱ्यांमुळेच! ज्यांच्यात ते जन्मतः नसतं त्यांच्यावरून समजलं की ते नसलं की काय होतं. चाचणी विकणाऱ्याला शिव्या घाला, विद्येला घालू नका.

पूर्व भाग

आणि अम्माला असला त्रास झाला असता तर चाटी गल्लीतल्या या भाऊंनी विचारलं असतं, पण आठ महिन्यांनी.

विजापूर रोड

ईसीजी झाला. ठोके मंद, ब्लॉक वगैरे नाही. डॉक्टरांनी मेटोप्रोलॉल थांबवून बिसोप्रोलॉल अगदी कमी डोसने सुरू केलं. म्हणाले, ते निम्मं मूत्रपिंडातून जातं आणि या एन्झाइमवर फारसं अवलंबून नसतं. नायट्याची गोळी पुरी करायची की मलमावर यायचं, ते दोन्ही डॉक्टर आपसात बोलून सांगणार आहेत. आजची नाडी ५४.

मास्तर, जुळे सोलापूर

छान. पण मामांची ८४ राहिलीच की. सख्खे भाऊ, तीच गोळी. तिथे नायटा नाही, एप्रिल नाही. माझा ३८९ वा क्रमांक अजून मैदानात आहे.

रेसिडेंट, नाइट ड्यूटी

मास्तर, एन्झाइम जास्तीच तेज असेल, थायरॉइड असेल, हिमोग्लोबिन कमी असेल, तुमचा पट्टा ताणलेला असेल. पण या सगळ्याआधी एक तपासणी आहे, तीही फुकट. मामा गोळी घेतात का, हे मामींना विचारा. मामांना नको, मामींना.

विजापूर रोड

मामीला फोन लावला होता. मार्केट यार्डात लोणच्याच्या कैऱ्या घेतेय, आवाज नीट येत नव्हता. पण "गोळी" म्हटल्यावर ती खूप हसली एवढं ऐकू आलं.